व्हिक्टोरियन रेल्वे डब्याचं मॉडेल: आधी साल ठरवा, मग कटर हातात घ्या

प्रश्न थोडक्यात असा: किटवरून प्लॅस्टिकची विमानं जोडायचा अनुभव आहे. आता राणी व्हिक्टोरियाच्या काळातले इंग्लंडमधले रेल्वेचे डबे करायचे आहेत, जमलं तर स्वतः कापून. स्केल कोणतं घ्यावं? प्लॅस्टिक की पितळ? अंगावरच्या पट्ट्या आणि रंगाच्या बारीक रेषा कशा जमवायच्या? आणि सुरुवात १८५३ च्या बोरीबंदर–ठाणे गाडीनेच करावी का?

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. १८५३ ची गाडी पहिल्यांदा नको. ती चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा रूळ साडेपाच फुटी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. फुटाला ४ मिमी या ब्रिटिश स्केलमध्ये तो २२ मिमी होतो, आणि त्या मापाचा तयार रूळ दुकानात मिळत नाही. म्हणजे डब्याच्या आधी रूळ करा, मग आस त्या रुंदीचे करून घ्या, मग डबा. शिवाय मापांसकट आराखडा हाताशी नसताना पहिलाच डबा करायला बसलं की हात चुकला की अंदाज चुकला हेच कळत नाही. दोन-तीन इंग्लिश डबे हातावेगळे झाले की खुशाल घ्या.

आता इंग्लिश डबे. ‘व्हिक्टोरियन डबा’ म्हणून एकच नमुना बहुतेकांच्या डोक्यात असतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. राणी गादीवर आली १८३७ मध्ये, गेली १९०१ मध्ये. सुरुवातीचा फर्स्ट क्लासचा डबा म्हणजे घोड्यांच्या टपालगाडीची तीन धडं एका चौकटीवर शेजारी शेजारी बसवलेली. सामान टपावर, कधी गार्डची बैठकही टपावर. यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये राणी अ‍ॅडलेडचा (व्हिक्टोरियाच्या आधीच्या राजाची विधवा) १८४२ चा सलून आहे. त्याचे फोटो नीट पाहा, रेल्वेचा डबा बांधणारा माणूस मुळात घोडागाड्या बांधणारा होता हे लगेच कळतं. व्हिक्टोरियाच्याच कारकिर्दीत १८७९ मध्ये ग्रेट नॉर्दर्नच्या लंडन–लीड्स गाडीत जेवणाचा डबा आला आणि १८९२ मध्ये ग्रेट वेस्टर्नने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून चालत जाता येईल अशी गाडी काढली. या दोन टोकांमधलं काहीही व्हिक्टोरियनच. म्हणून स्केल, प्लॅस्टिक, पितळ सगळं बाजूला ठेवा आणि एका कागदावर दोनच गोष्टी लिहा: कंपनी कोणती, साल कोणतं.

साल एवढं का महत्त्वाचं, ते सांगतो. १८४४ च्या कायद्याने कंपन्यांना दिवसातून निदान एक गाडी अशी सोडायला लावली की जिच्यात थर्ड क्लासला छप्पर असेल, बसायला बाक असेल आणि भाडं मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नसेल. त्याआधीचा थर्ड क्लास म्हणजे बऱ्याच ठिकाणी उघडी वाघीणच. पुढे १८६४ मध्ये नॉर्थ लंडन रेल्वेच्या बंद कप्प्यात टॉमस ब्रिग्ज नावाच्या माणसाचा खून झाला. आरडाओरडा केला तरी शेजारच्या कप्प्यात ऐकू जाणार नाही अशी ती रचना होती. लोक घाबरले, आणि १८६८ च्या कायद्याने न थांबता लांब धावणाऱ्या गाड्यांत उतारूंना गार्डशी संपर्क साधायची सोय सक्तीची झाली. मॉडेलवर त्याचं रूप म्हणजे छपराच्या कडेखालून बाहेरून गेलेली दोरी आणि तिच्या कड्या. त्याच कायद्यात धूम्रपानाच्या वेगळ्या कप्प्यांचीही तरतूद होती, म्हणजे काचेवर ‘स्मोकिंग’ची अक्षरं त्यानंतरची. लंडन अँड साउथ वेस्टर्नने तर कप्प्यांमधल्या भिंतींना वाटोळी भोकं पाडून काचा बसवल्या होत्या. ब्रिग्जच्या खुनातल्या आरोपीच्या आडनावावरून लोक त्यांना म्युलरचे झरोके म्हणत. आतून दिवा लावणार असाल तर एवढं एक भोक फार मजा आणतं.

मिडलंड रेल्वेने १८७२ मध्ये सगळ्या गाड्यांना थर्ड क्लास जोडला आणि १ जानेवारी १८७५ पासून सेकंड क्लास बंदच केला. बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनी तो पुढे कित्येक वर्षं ठेवला. म्हणजे १८८० च्या मिडलंड डब्यावर ‘सेकंड’ लिहिलं तर ते खोटं, ब्रायटन लाइनच्या (लंडन–ब्रायटन मार्गावरची कंपनी) डब्यावर लिहिलं तर खरं. १८८९ च्या जूनमध्ये आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीच्या गाडीचे सोडवलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि सुमारे ऐंशी माणसं गेली. त्याच वर्षी कायदा होऊन प्रवासी गाड्यांना सलग, आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले. त्यामुळे १८९५ च्या डब्याच्या टोकाला ब्रेकची नळी हवीच. १८७० च्या आडवळणाच्या शाखेवरच्या डब्याला ती लावलीत तर जाणकार तिकडेच बोट ठेवेल.

छपराकडे बघून तळ ठरवायचा, हा माझा जुना नियम. छपरावर तेलाच्या दिव्यांची टोपणं असतील तर तळाशी काही नको. हे दिवे वरून भोकात सोडायचे, त्यासाठी माणसं टपावरून चालत जायची. जुन्या थर्डमध्ये कंजुषी इतकी की दोन कप्प्यांत एकच दिवा, तोही मधल्या भिंतीच्या डोक्यावर. म्हणून टोपणं कप्प्यांपेक्षा कमी दिसली तर दचकू नका. गॅसचे दिवे दाखवणार असाल तर खाली गॅसची आडवी नळकांडी हवीत. १८९० च्या दशकाच्या मध्यापासून स्टोन कंपनीच्या पद्धतीची वीज आली, तिला खाली पट्ट्यावर फिरणारा डायनॅमो आणि बॅटरीची पेटी लागते. वर तेल आणि खाली डायनॅमो असे डबे मी प्रदर्शनात पाहिले आहेत. काम सुंदर, साल मात्र कुठलंच नाही.

फोटोंबद्दल एक इशारा. आइल ऑफ वाइटवर आणि ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेवर व्हिक्टोरियन डबे आजही धावतात, त्यांचे भरपूर फोटो मिळतात आणि अंगाच्या बारकाव्यांसाठी ते उत्तम आहेत. पण यातल्या अनेक डब्यांची नुसती धडं वाचली होती. कुणी त्यांचं सुट्टीचं घर केलेलं, कुणी शेड. ती धडं सोडवून आणून नंतरच्या काळातल्या पार्सल व्हॅनच्या चौकटींवर बसवली आहेत. तेव्हा फोटोवरून वरचा भाग खुशाल घ्या, चाकं, कमानी (स्प्रिंगा) आणि ब्रेक मात्र जुन्या आराखड्यावरूनच. हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी आणि एकेका कंपनीच्या अभ्यासकांच्या संस्था असे आराखडे पुरवतात. आराखडा मिळत नाही तो डबा तूर्त सोडून द्या.

पहिला डबा कोणता? माझं उत्तर ठरलेलं आहे: १८८० च्या दशकातला चार चाकांचा, पाच कप्प्यांचा, अख्खा थर्ड क्लासचा. लांबी सुमारे २६ फूट, रुंदी ८ फूट. विल्यम स्ट्राउडलीने ब्रायटन लाइनसाठी केलेले डबे याच जातीचे. यात गार्डचा कप्पा नाही, बाहेर डोकावणारी खिडकी नाही, बोग्या (डब्याखाली वळणारे चाकांचे गाडे) नाहीत, पाचही कप्पे सारखे. एक कप्पा जमला की पाच जमले. लोकांना भुरळ पडते ती मधोमध उंचवट्याचं छप्पर असलेल्या लांब क्लेरेस्टरी डब्यांची. तिकडे वर्षभराने जा.

स्केलवर शाई फार सांडली गेली आहे. मी थोडक्यात उरकतो. ४ मिमीला १ फूट म्हणजे १:७६, याला ओओ म्हणतात. आपला डबा यात १०४ मिमी लांब आणि ३२ मिमी रुंद. ७ मिमीला १ फूट म्हणजे ओ गेज, यात तोच डबा १८२ मिमी. ओओची खोड अशी की रूळ १६.५ मिमीचा वापरतात, खरं माप १८.८३ मिमी येतं. म्हणजे समोरून पाहिलं की चाकं जरा आत घेतल्यासारखी दिसतात. ज्यांना ते खुपतं ते ईएम किंवा पी-फोर करतात, म्हणजे याच स्केलला जास्त रुंद रूळ. तुम्ही ओओच घ्या. १६.५ मिमीचा रूळ एचओ या दुसऱ्या स्केलवाल्यांचाही तोच असल्याने आपल्याकडे मिळतो, चाकं आणि बफर सुटे मिळतात, आणि भिंतीकडेच्या फळीवर गाडी मावते. नजर अधू झाली असेल किंवा एकच डबा करून काचेच्या पेटीत ठेवायचा असेल तर मात्र सरळ ७ मिमीला जा, हाताला ते सोपं पडतं.

किट की स्वतः कापायचं? हात बसवायला एक किट जोडा. रेशो कंपनीचे ग्रेट वेस्टर्न चारचाकींचे प्लॅस्टिक किट वर्षानुवर्षं हेच काम करत आलेत. हॅटन्स आणि हॉर्नबी या कंपन्यांनी काढलेले तयार चार-सहाचाकी डबे कुठल्याही एका खऱ्या डब्याची नक्कल नाहीत. रंगकामाचा सराव करायला ते ठीक, त्यावरून मापं घेऊ नका. बाहेरून मागवताना टपालखर्च आणि कस्टम्स ड्युटी धरूनच हिशोब करा, नाहीतर तिसऱ्या किटला घरात विषय निघतो. विमानांचा अनुभव असल्याने स्टायरीनची, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकची, सवय तुम्हाला आहे, तेव्हा पहिला स्वतः कापलेला डबा स्टायरीनचाच करा. एचिंग केलेल्या (रसायनाने कोरलेल्या) पितळी किटवर पट्ट्या काय धारदार येतात हे मान्य, पण त्यात सोल्डरिंग शिकणं आणि डबा शिकणं एकाच वेळी होतं. ते नंतर.

आता खरं काम: बाजू.

त्या काळच्या डब्याची बाजू म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर महोगनीची पातळ पॅनेलं आणि पॅनेलांचे सांधे झाकायला वरून ठोकलेल्या पट्ट्या. खरी पट्टी साधारण दोन इंच रुंद आणि अर्ध्या इंचाहूनही कमी जाड. ४ मिमी स्केलमध्ये ती रुंदीला पाऊण मिमीच्या आत आणि जाडीला ०.१५ मिमीच्या आसपास येते. बाजारात सहज मिळते ती ०.२५ मिमी जाडीची पट्टी. रंग चढल्यावर ती किंचित बोजड दिसते. पहिल्या डब्याला चालेल. पुढच्यांना ०.१३ मिमीचा स्टायरीनचा पत्रा आणून त्यातून पट्ट्यांची अख्खी जाळी एकसंध कापा. घरगुती कटिंग मशीन असेल तर तेच वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

बाजू तीन थरांत करा. आतला ०.५ मिमी, मधला ०.५ मिमी, बाहेर पट्ट्या. आतल्या थरात खिडक्या सगळीकडून एकेक मिमी मोठ्या कापा, म्हणजे काच बसायला आयती खाच तयार होते. प्रत्येक कप्प्याला दारातली एक आणि दाराच्या दोन्ही अंगांना एकेक अशा तीन खिडक्या, म्हणजे बाजूला पंधरा. खिडक्यांचे कोपरे गोल असतात, काटकोनी नाहीत. हा गोलवा गेला की डबा खोक्यासारखा दिसतो. त्यासाठी आधी चारही कोपऱ्यांत १ मिमीची भोकं पाडा आणि मग भोकापासून भोकापर्यंत कटर चालवा. दोन्ही बाजूंचे पत्रे एकमेकांवर घट्ट बांधून एकदमच भोकं पाडली तर खिडक्या तंतोतंत जुळतात. एका दमात कापायला जाऊ नका. हलका हात, तीन-चार फेऱ्या, नवं पातं.

पट्ट्यांनी तयार होणाऱ्या चौकटींचे आतले कोपरेही गोल असतात. सुट्ट्या पट्ट्या चिकटवल्या की ते काटकोनी राहतात. यावर उपाय जुना आहे. स्टायरीनचे कपटे प्लॅस्टिक चिकटवायच्या द्रावणात विरघळवून दाट लगदा करा, सुईच्या टोकाने प्रत्येक कोपऱ्यात थेंब सोडा आणि अर्धवट वाळल्यावर टोकदार काडीने आत दाबा. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून बसा. पण रंगवलेल्या डब्यात माणसाची नजर पहिल्यांदा याच कोपऱ्यांवर जाते.

दोन थर चिकटवताना एक काळजी घ्या. एमईके किंवा तत्सम चिकटवायचं द्रावण दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलं तर आज काही दिसत नाही, काही आठवड्यांनी बाजू केळीसारखी वाकते. आतल्या थराला बाहेरून न दिसणाऱ्या जागी बारीक भोकं पाडून ठेवा, द्रावण कमी वापरा, आणि चिकटवलेली बाजू सपाट काचेवर वजनाखाली दोन दिवस सोडा. जोडण्याची घाई करू नका.

डब्याचं अंग खालच्या भागात आत वळतं. ते वळण द्यायला पट्ट्या लावायच्या आधी पत्रा माऊसपॅडवर ठेवा आणि खालच्या तिसऱ्या हिश्शावरून गोल सळई दाबून फिरवा. एका टोकाच्या भिंतीचा आकार पुठ्ठ्यात कापून जवळ ठेवा आणि त्याला लावून तपासत जा.

दारांचे बारकावे तर मला सगळ्यात प्रिय. इंग्लिश डब्याचं दार बाहेरून पाहताना डावीकडे बिजागरीवर आणि उजवीकडे मुठीवर. तिकडे गाड्या डाव्या बाजूने धावतात, फलाट बहुधा डावीकडे. चुकून दार उघडं राहिलं तर गाडी सुटल्यावर वारा ते लावतो, उघडत नाही. यातून मॉडेलकाराला एक फायदा मिळतो. आपल्या पाच कप्प्यांच्या थर्डच्या दोन्ही बाजू एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब नसतात, त्या हुबेहूब सारख्या असतात. एक आराखडा, दोन प्रती. दुसरी उलटवून कापलीत तर बिजागऱ्या उजवीकडे जातील. आणि बिजागऱ्या पाहा: दाराला तीन, पण सगळ्यात खालची इतरांपेक्षा जास्त बाहेर आलेली. कारण अंग आत वळलं तरी तिन्ही बिजागऱ्यांचा कणा एका उभ्या रेषेत यायला हवा, नाहीतर दार फिरणारच नाही. ४ मिमीमध्ये हा प्लॅस्टिकचा एक कण आहे, पण तो लावला की बाजूचं वळण आपोआप उठून दिसतं. दाराशेजारी धरायच्या उभ्या दांड्यांसाठी गिटारची सगळ्यात बारीक तार वापरा, पितळी तारेपेक्षा ताठ राहते. ती रंग झाल्यावर बसवायची.

चार भिंती आणि तळ जोडताना सुताराचा छोटा गुण्या जवळ ठेवा. आतल्या आडव्या भिंती नुसत्या शोभेच्या नाहीत, बाजू सरळ धरून ठेवतात, तेव्हा त्या अचूक कापा.

छपराला घाबरायचं कारण नाही, फक्त थोडं गणित करा. रुंदीचा वर्ग भागिले मधल्या उंचीची आठपट, अधिक मधल्या उंचीचा अर्धा: ही त्रिज्या. रुंदी ३२ मिमी आणि मधला उठाव ३ मिमी असेल तर त्रिज्या साधारण ४४ मिमी, व्यास ८८. पण प्लॅस्टिक वाकवल्यावर थोडं परत उलगडतं, म्हणून त्याहून लहान साचा हवा. प्लंबरकडचा ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप नेमका बसतो. ०.५ मिमीचा पत्रा त्याच्याभोवती सुती पट्टीने घट्ट गुंडाळा, मोरीत धरून वरून उकळतं पाणी ओता आणि थंड होईपर्यंत हात लावू नका. खऱ्या डब्याचं छप्पर म्हणजे फळ्यांवर ताणलेलं कॅनव्हास, त्यावर पांढऱ्या शिशाचा रंग. कारखान्यातून निघताना ते पांढरं असे आणि इंजिनच्या धुराने लवकरच करडं पडे. नव्याकोऱ्या डब्याचं छप्पर पांढरं, वापरातल्याचं मळकट करडं. काळं नको.

तळाबाबत एकच गोष्ट महत्त्वाची: चारही चाकं एकाच वेळी रुळाला टेकली पाहिजेत. ताठ चौकटीत ती टेकतीलच असं नाही. एक आस पक्का ठेवा आणि दुसरा मधल्या खिळीवर डावी-उजवीकडे झुलू द्या. तिपाई जशी खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, त्याच तत्त्वावर डबा रुळावर बसतो. वजन दर आसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा. शिशाचे तुकडे आतल्या बाकांखाली लपतात. सहाचाकी डबा मात्र वेगळं प्रकरण आहे. २२ फुटांचा पाया म्हणजे ८८ मिमी. ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावर मधल्या आसाला दीड मिमीहून जास्त बाजूला सरकावं लागतं. ती मोकळीक दिली नाही तर डबा हमखास उतरतो. जेम्स क्लेमिन्सनने १८७६ मध्ये खऱ्या डब्यांसाठी पेटंट घेतलेली जोडणी, म्हणजे टोकाचे आस मधल्याच्या हालचालीने वळवायची युक्ती, मॉडेलमध्येही झकास चालते.

चाकं मॅन्सेलची घ्या. बाहेरची धाव पोलादी, आत सागवानाचे सोळा पाचर-तुकडे. १८७४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ऑक्सफर्डशायरमध्ये शिप्टनला ग्रेट वेस्टर्नच्या एका लहान चारचाकी डब्याची धाव फुटली आणि चौतीस माणसं मेली. मॅन्सेल चाकाची धाव तडकली तरी कड्यांनी धरून ठेवलेली असते, सुटून जात नाही, म्हणून त्यानंतर त्याचा बोलबाला वाढला. साडेतीन फुटांचं चाक ४ मिमीमध्ये १४ मिमीचं. आऱ्यांचं चाक या डब्याखाली दिसलं की माझा हात शिवशिवतो.

रंगाकडे येऊ. पहिल्या डब्याला दोन रंगांची कंपनी नकोच. ग्रेट वेस्टर्नचा चॉकलेट-क्रीम किंवा लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचा जांभळट तपकिरी आणि पांढरट हे मेळ डोळ्याला छान, पण वरच्या प्रत्येक चौकटीची कड हाताने राखावी लागते. मिडलंडचा गडद लाल, ब्रायटनचा महोगनी किंवा ग्रेट नॉर्दर्नचं वॉर्निश केलेलं सागवान घ्या. मिडलंडच्या लालाखाली रेड ऑक्साइडचा हात द्या, मग मरून पातळ थरांत चढवा. एका जाड हातात ती खोली येत नाही.

सागवान आपल्या घरात दारा-खिडक्यांना आहे, तरी मॉडेलवर ते रंगवताना लोक रेघोट्यांच्या मागे लागतात. या स्केलला लाकडाची रेघ दिसत नाही, छटा दिसते. तांबूस क्रीम रंगाचा पाया पूर्ण वाळू द्या. मग बर्न्ट सिएना आणि थोडी रॉ अंबर ही चित्रकाराची तैलरंगाची ट्यूब टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कोरड्या चपट्या ब्रशने एकेका पॅनेलवर वेगळी ओढा. एक पॅनेल किंचित गडद, शेजारचं किंचित पिवळट. पट्ट्यांवर ब्रश त्यांच्या लांबीच्या दिशेने. वरून तकतकीत वॉर्निश, कारण हे डबे खरोखरच वॉर्निशचे होते.

पावसाळ्यात स्प्रे मारू नका, निदान मुंबई-कोकणात तरी. हवेतली ओल लॅकरवर पांढुरकी साय आणते. जून ते सप्टेंबर कापाकापी आणि जोडणी करा, रंग दिवाळीनंतर.

बारीक रेषांसाठी तुमच्या घरात किंवा एखाद्या निवृत्त इंजिनिअरकडे ड्रॉइंगची जुनी पेटी असेल. तिच्यातलं दोन पात्यांचं रुलिंग पेन मागून आणा. यासाठी त्याहून चांगलं हत्यार अजून निघालेलं नाही. दोन्ही पात्यांची टोकं बारीक ऑइल स्टोनवर एकसारखी करा. इनॅमल रंग इतका पातळ करा की पेन टेकताच उतरेल पण थेंब सोडणार नाही, आणि तो पात्यांच्या मध्ये ब्रशने भरा, बुडवू नका. पट्टीची उंच कड हीच तुमची फूटपट्टी, पेन तिला टेकवून एका वेगाने ओढा. ०.२ मिमीची रेषा पुरे. आता युक्ती: खालचा रंग अ‍ॅक्रिलिक असू द्या आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचंच चकचकीत वॉर्निश पूर्ण वाळू द्या. मग इनॅमलची बिघडलेली रेषा व्हाइट स्पिरिटमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या ब्रशने पुसली जाते, खालचा रंग शाबूत. हे माहीत असलं की हात थरथरत नाही. सराव जुन्या किटच्या विमानाच्या पंखावर करा.

काचेसाठी ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट चालते. मन भरलं नाही तर प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून सूक्ष्मदर्शकाच्या कव्हर स्लिप आणा. खरी काच, जाडी ०.१५ मिमीच्या आसपास. हिऱ्याच्या टोकाने ओरखडा काढून मोडायच्या. फुटतात भरपूर, पण प्रकाश असा पडतो की प्लॅस्टिककडे परत जाववत नाही. एखाद-दुसऱ्या दाराची काच अर्धी खाली सरकवलेली दाखवा.

आत थर्ड क्लासला उघडे लाकडी बाक, बस्स. माणसं बसवणार असाल तर पुन्हा साल आडवं येतं. १८६० च्या बायकांचे घेरदार झगे, १८८० च्या दशकात मागे फुगवलेले, १८९५ च्या सुमारास खांद्यावर फुगे असलेल्या बाह्या. तयार मिळणारी एडवर्डियन माणसं बसवून डबा वीस वर्षं पुढे ढकलू नका.

एकटा डबा रुळावर केविलवाणा दिसतो. शाखेवरच्या गाडीला चार पुरतात: दोन्ही टोकांना गार्डच्या कप्प्याचा थर्ड, मध्ये एक मिश्र वर्गाचा आणि तुमचा हा पहिला. मिश्र डब्यात फर्स्टचे कप्पे थर्डपेक्षा चांगले रुंद, म्हणून खिडक्यांचं अंतर बदलतं आणि आराखडा नव्याने मांडावा लागतो. ते काम दुसऱ्यांदा घ्या, गार्डचे डबे शेवटी. चौघांच्या मध्ये तयार कपलिंग नको, फार लांब पडतं. चौकटीखालून ०.४५ मिमीच्या तारेचा आकडा एका डब्याला आणि त्याला अडकणारी कडी दुसऱ्याला लावा. बफर एकमेकांना जेमतेम टेकतील एवढं अंतर सरळ रुळावर नाही, तर तुमच्याकडच्या सगळ्यात तीव्र वळणावर गाडी ढकलून ठरवा.